साती आसरा आणि सत्यभामेचा उजवा कान

चारा छावणीतल्या जनावरांना सकाळची वैरण टाकून झाली आणि सगळा गाव वेशीबाहेरच्या पडीक रानात जमला. मे महिना. नऊ वाजताच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं ऊन, तरी दोन-अडीचशे माणूस चपला काढून ढेकळांत उभं होतं. मधे मोकळी जागा. त्या जागेत सत्यभामा. अंगावर कोरं हिरवं लुगडं, कपाळभर हळद, डोळे मिटलेले. तिच्या मागं जलनाथ महाराज.

महाराजांनी हात वर केला. माणसं गप्प झाली. मग मंत्र सुरू झाला. "ओम् जलम् तळम् पाताळम्, साती आसरा जागृतम्, दावम् दावम् पाणीम्."

हे संस्कृत नव्हतं. मराठी शब्दांच्या शेपटीला अनुस्वार बांधले होते. माझ्या वर्गातली पोरं परीक्षेत असंच करतात आणि मी त्यांना शून्य देतो. इथं मोठाली माणसं हात जोडून ऐकत होती.

मंत्र म्हणता म्हणता महाराजांनी तिच्या हनुवटीखाली हात घातला, चेहरा उजवीकडे वळवला आणि मान हळूच मागं कलवली. तिला डोळे उघडायला सांगितलं. पाच-सहा सेकंद काहीच झालं नाही. मग तिची बुबुळं नाचायला लागली. झटक्याझटक्यानं, गोल, एकाच बाजूला. गर्दीतून एक मोठा श्वास उठला. ते खोटं नव्हतं, हेच तर अवघड होतं. नाटकी बाई अंग घुमवील, केस मोकळे सोडील; पण बुबुळं अशी फिरवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. मी घरी आरशासमोर उभं राहून करून पाहिलं होतं.

महाराज दोन पावलं मागं सरले. तिला धरायला कुणी नव्हतं. तसा नेमच होता: धरलं तर आसरा देवी कोपतात. गाडीवरून पोतं ढकलावं तशी ती उजव्या अंगावर पडली. पडताना हात खाली गेला आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. ती "आई गं" म्हणाली, पण ते जयजयकारात बुडालं. तिला ओकारी झाली. जिथं ती ओकली तिथं महाराजांनी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली, नारळ ठेवला आणि जाहीर केलं की इथं पाणी आहे. बाई ढेकळांत पडलेली, मनगट भलतीकडंच वाकलेलं, आणि माणसं रांग लावून त्या फक्कीच्या पाया पडत होती. तिचा नवरा बन्सी हात जोडून उभा होता.

मला त्या सकाळी माणसांची किळस आली. त्यात मलाही धरा. मीही उभाच होतो.

मी पंडित. धारूरच्या डोंगरपट्ट्यात पांढरखडी नावाचं आमचं गाव आहे, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या वर्षी सलग तिसरा पाऊस हुकला होता. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती आणि माझी आई मनकर्णा आमच्या दोन म्हशी घेऊन तिथंच खोपीत राहत होती. सुटीमुळे मीही तिथंच. संस्थेचे चेअरमन बद्रीनाथ माणूस वाईट नव्हे. पण सहाशे जनावरांच्या तोंडाला पाणी कुठून लावायचं या विचारानं त्यांची झोप उडाली होती, आणि झोप उडालेल्या माणसाला कुणीही काहीही विकू शकतो.

सत्यभामा ऊसतोडीला जायची. माघात कारखान्याच्या वाटेवर ती उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून खाली आली, डोकं आपटलं, दोन दिवस पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी मोळ्या बांधायला लागली. गावी परतल्यावर तिला गरगरायला लागलं. कुशीवर वळली की छप्पर फिरायचं, वर पाहिलं की जमीन सरकायची. एका सकाळी बारवेच्या पायरीवर घागर डोक्यावर घेताना तिनं मान वर केली आणि चार पायऱ्या गडगडत गेली. कपाळाला खोक पडली.

बारवेत पडली, म्हणजे आसरांनी धरलं. पाण्याच्या जागी राहणाऱ्या सात देवी, एकट्यादुकट्या बाईला लागतात, असं आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या मानतात. त्यामुळं कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. चार दिवसांत जलनाथ महाराज गावात हजर झाले. भगवी लुंगी, गळ्यात शंखांची माळ, आणि सदैव ओली दाढी. गावाला प्यायला पाणी नव्हतं, पण महाराजांची दाढी ओली असायची. त्यांनी सांगितलं की या माउलीच्या अंगात साती जणी आहेत. ती जिथं पडेल तिथं खाली झरा आहे. पहिल्याच खेपेला ती धोंडीरामच्या रानात पडली, तिथं बोअर घेतला आणि पाणी लागलं. झालं. त्या दिवसापासून सत्यभामा माणूस राहिली नाही. गावाचं अवजार झाली.

मनगट मोडलं त्या दिवशी दुपारी मी तिच्या खोपीत गेलो. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, बोटं सुजून निळी पडली होती. बन्सी म्हणाला की महाराजांनी प्लॅस्टर घालायला मना केलंय, आसरांना बंधन चालत न्हाई. चेअरमननी त्याच्या बैलांना छावणीत सावलीची जागा दिली होती, वैरणीची एक पेंढी जास्त मिळत होती. तो माझ्याकडं न बघता बोलत होता. मी त्याला रागानं काहीबाही बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि बैलांकडं निघून गेला.

मग सत्यभामा बोलली. एरवी ती माझ्यासमोर डोक्यावरचा पदरही सरकू द्यायची नाही.

"गुरुजी, माझ्या अंगात कुणी न्हाई. असतं तर मला कळलं नसतं का? निस्तं गरगरतंय. पर कावून गरगरतंय, त्ये कुणी सांगन का मला?"

मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवत होतो. अंधश्रद्धा वाईट, हे मला पाठ होतं. तिची बुबुळं का नाचतात, हे मला ठाऊक नव्हतं. नुसतं 'खोटं आहे' म्हणून चालत नाही. खरं काय, तेही सांगावं लागतं, नाहीतर ती मोकळी जागा महाराज भरतात.

मी तालुक्याला जाऊन आलो, ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारलं. एकानं अशक्तपणा सांगितला, दुसऱ्यानं नजर चुकवली. त्यात दिवस गेले. मधल्या काळात तिला आणखी दोनदा पाडलं. एकदा गुडघा फुटला. दुसऱ्यांदा बोअरच्या लोखंडी पाइपावर डोकं आपटता आपटता राहिलं, आणि महाराज म्हणाले की देवी वाचवते. देवीनं वाचवायचं, महाराजांनी पाडायचं, अशी वाटणी होती.

शेवटी छावणीजवळच्या आरोग्य केंद्रात नव्यानं आलेल्या डॉ. विशाखा गायसमुद्रे यांच्याकडं गेलो. तिशीच्या आतल्या, गेवराईकडच्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधेच थांबवून तीन प्रश्न विचारले. मान कुठल्या बाजूला वळवतात, दर वेळी त्याच का? डोळे लगेच फिरतात की थोड्या वेळानं? आणि लागोपाठ दोनदा केलं तर?

मी म्हणालो, महाराज दिवसातून एकदाच करतात. दुसऱ्यांदा देवी येत नाही म्हणतात.

डॉक्टर खुर्चीवरून उठल्याच. मोडलेलं मनगट किती दिवसांचं आहे, हा त्यांचा चौथा प्रश्न होता. बारा, मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण बारा दिवस तेच माझ्या तोंडात कडू होऊन बसलं होतं.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, संस्थेच्या विहिरीची जागा ठरायची होती. महाराजांनी या खेपेला बारवेचा काठ निवडला होता. काठाला कठडा नाही. आत चाळीस फूट खोल, तळाला दगड. तिथं सत्यभामेला फिरवायचं, मान मागं करायची आणि सोडून द्यायचं. मी चेअरमनना म्हणालो, बाई मरेल. ते म्हणाले की महाराज बघतील. डोळे मात्र त्यांनी दुसरीकडे फिरवले.

मंगळवारी डॉक्टर आल्या त्या एक गादी, एक सलाइनची नळी आणि नर्सबाई घेऊन. गर्दी नेहमीपेक्षा मोठी होती. डॉक्टर सरळ सत्यभामेकडं गेल्या आणि आधी हाताला फळी बांधली. महाराज गरजले की आसरा कोपतील. डॉक्टर म्हणाल्या, कोपल्या तर माझ्यावर कोपतील, तुम्ही काळजी करू नका.

चेअरमन पुढं आले. आवाज खाली करून म्हणाले, "म्याडम, तुमच्यात देवीचं काही नसतं. तुमाला हे कळायचं न्हाई."

"माझ्या आजोबांनी छप्पन साली देव सोडले, हे खरंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण चेअरमनसाहेब, हा कान सत्यभामाताईंचा आहे. आपण तेवढाच बघू."

मग त्या महाराजांकडं वळल्या आणि अगदी आदरानं विनंती केली की बारवेच्या काठावर करण्याआधी एकदा इथं गादीवर, सगळ्यांसमोर देवीला बोलवावं. फक्त मान डावीकडे वळवून. महाराज म्हणाले, देवी उजवीकडूनच येते. डॉक्टरांनी विचारलं, सात जणींपैकी एकही डावीकडून येत नाही का? कुणीतरी हसलं. महाराजांना नाही म्हणता येईना. सत्यभामेला गादीवर बसवलं, मग डावीकडे मान करून आडवी केली. महाराजांनी मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला, घाम येईतो म्हटला. सत्यभामा शांतपणे आभाळाकडं बघत पडली होती.

डॉक्टरांनी तिला उठवून बसवलं. खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ताई, आता मी उजवीकडे करणार आहे, गरगरेल, पण मी धरलंय आणि सोडणार नाही. तिनं मान हलवली. डॉक्टरांनी एक अक्षर न बोलता तिची मान उजवीकडे वळवून तिला आडवी केली. लोकांना मोजायला सांगितलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला बुबुळं नाचायला लागली.

ना मंत्र, ना हळद, ना नारळ. मान कलवल्यावरही महाराजांचा मंत्र सहा सेकंद का चालायचा, हे मला त्या वेळी कळलं: डोळे फिरायला तेवढाच वेळ लागायचा. विसाव्या आकड्याच्या आत डोळे थांबले. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून ठेवलं होतं आणि सत्यभामेनं त्यांचा कोट मुठीत घट्ट धरला होता.

डॉक्टर मग त्याच स्थितीतून तिचं डोकं सावकाश डावीकडे नेत गेल्या, थांबल्या, तिला डाव्या कुशीवर वळवून चेहरा जमिनीकडं केला, पुन्हा थांबल्या, आणि उठवून बसवलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. थोड्या वेळानं पुन्हा एकदा केलं. मग महाराजांना म्हणाल्या, आता तुमच्या बाजूनं बोलवा. उजवीकडूनच.

महाराजांनी हनुवटीला हात लावला. मंत्र झाला. लोक मोजत होते, तिसापर्यंत मोजलं. सत्यभामेचे डोळे ज्याच्यावर खिळले होते त्याच्यावरून हलले नाहीत. ती महाराजांच्या तोंडाकडं बघत होती. तिनं त्या दाढीवाल्या तोंडाकडं असं बघितलं की महाराजांनीच हात काढून घेतला.

आता नळी कशाला आणली होती ते कळलं. डॉक्टरांनी तिच्यात पाणी भरलं, छावणीतली चिमूटभर वाळू टाकली, दोन्ही तोंडं बांधून कड्यासारखी वाकवली आणि गर्दीत फिरवली. प्रत्येकाच्या कानात आत अशा तीन वाकड्या नळ्या असतात, त्या म्हणाल्या. त्यातलं पाणी हललं की मेंदूला कळतं, डोकं कुठं वळलं. शेजारीच चुन्याचे अगदी बारीक कण चिकटलेले असतात. डोक्याला मार बसला, कधी वय झालं, की ते सुटतात आणि नळीत शिरतात. मग मान कलली की कण घरंगळतात, त्यांच्यामागं पाणी ओढलं जातं आणि माणूस स्थिर असला तरी मेंदूला वाटतं जग फिरतंय. डोळे त्या फिरण्यामागं धावतात. ट्रॉलीवरून पडल्यावर यांच्या उजव्या कानात हेच झालं. आत्ता मी ते कण होते तिथं परत लोटले. लागोपाठ केलं की कण पांगतात आणि डोळे कमी फिरतात, म्हणून महाराजांची देवी दिवसातून एकदाच यायची.

"या गरगरीनं माणूस मरत नाही," त्या पुढं म्हणाल्या. "पण ती जिथं येते तिथं मरतं. पायरीवर, विहिरीच्या काठावर, शिडीवर, चुलीपाशी. अशा माणसाला धरायचं असतं. तुम्ही धरू नका असा नेम केलात. त्यांना मुद्दाम पाडलंत, आणि मोडलेला हात तेरा दिवस तसाच ठेवलात."

महाराज तरी हटेनात. कान राहू द्या, ते म्हणाले, पाणी लागलं ते काय कानातून आलं? धोंडीरामला विचारा.

हे त्यांनी विचारायला नको होतं. धोंडीराम पंचावन्नचा, कमी बोलणारा माणूस. तो खाली मान घालून पुढं आला आणि म्हणाला, "मायला, लाज वाटतीय. माझ्या आज्याची बुजलेली हिर हाय तिथं. पाझर तलावाच्या खालतीच. आदल्या दिशी महाराजांनी मला इचारलंतं जुनी हिर कुठं होती. म्या बोट करून दावली. मला वाटलं, देवाला ठावंच असंल, निस्तं इचारलं असंल."

मग मीही बोललो. नऊ जागी तिला पाडलं होतं, त्या नऊही जागा मी फिरून पाहिल्या होत्या. दोन ठिकाणी पाणी लागलं, दोन्ही पाझर तलावाच्या उताराला. सात ठिकाणी नुसती धूळ निघाली. ती सात कुणी आठवत नव्हतं. आणि नऊच्या नऊ जागा अशा होत्या की बोअरची अवजड गाडी थेट तिथं जाऊ शकत होती. डोंगराच्या बाजूला, खडकात, नाल्यापलीकडं देवी एकदाही पडली नाही. साती आसरांना गाडीवाट बरोबर कळत होती, कारण गाडी महाराजांच्या मेहुण्याची होती. महाराजांचं नाव राधाकिशन. जलनाथ होण्याआधी ते त्याच गाडीवर कामाला होते. हे मला गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. लपवावं असं त्याला त्यात काही वाटलं नव्हतं.

राधाकिशन गर्दीतून निघून गेला. कुणी अडवलं नाही, कुणी मारलंही नाही. चेअरमन खाली बसले होते. मला वाटलं होतं, आता माणसं सत्यभामेजवळ येतील, तिची माफी मागतील. तसं काही घडलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली की बाईला बरं करायची एवढी घाई काय होती, संस्थेच्या हिरीची जागा तरी दावून झाली असती. दोघातिघांनी माना डोलावल्या. ते ऐकून मला जे वाटलं ते राधाकिशनबद्दल कधी वाटलं नव्हतं. तो तर धंदेवाला. ही माझी माणसं.

डॉक्टरांनीही ऐकलं असावं. त्यांनी बायकांकडं तोंड करून विचारलं की आणखी कुणाला कुशीवर वळताना, वर बघताना गरगरतं का. मग एक हात वर आला. दुसरा आला. पाच झाले. सहावा हात माझ्या आईचा होता.

मी तिच्याजवळ गेलो. वर्ष झालं, ती म्हणाली. ओसरीवर दोनदा पडली होती. म्हशीनं ढुसणी दिली असं मला सांगितलं होतं. का सांगितलं नाहीस, म्हणून विचारलं.

"तुला काय सांगायचं? तू म्हणला असता, काही नसतं तसलं. अन् गावाला सांगितलं असतं तर मलाबी रानात फिरवलं असतं."

मी तिचा हात धरून तिला डॉक्टरांच्या गादीपाशी नेलं.

डॉक्टरांनी त्या सहा जणींना एकेक करून तपासलं. चौघींची तक्रार कानाचीच निघाली, एकीचा रक्तदाब, एकीच्या अंगात रक्त नव्हतं. आईची गरगर दुसऱ्या खेपेला थांबली. डॉक्टरांनी सगळ्यांना बजावून सांगितलं की हे परत उलटू शकतं. उलटलं तर दवाखान्यात यायचं, उठताना आधी काठावर बसायचं, बारवेवर एकटीनं जायचं नाही, रात्री उजेडाशिवाय उठायचं नाही. आणि घरच्यांनी हात द्यायचा.

सत्यभामेला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गरगर गेली. मनगट मात्र वाकडं जुळलं होतं, ते पूर्ण सरळ झालं नाही. कोयता धरला की दुखतं, म्हणून त्या साली ती तोडीला गेली नाही. दूध संस्थेत फॅट तपासायच्या कामावर तिला घेतलं. चेअरमननी स्वतः घेतलं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. बन्सी अजूनही तिच्या डोळ्याला डोळा देत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी परत आटलं. गावातली चार माणसं, त्यात शिकलेली दोन, संस्थेत येऊन सत्यभामेला म्हणाली की एकदा फक्त रानात चल, निस्ती चल, काही करू नको, बघू तर. मी तिथं होतो. तिनं हातातली काचेची नळी खाली ठेवली.

"पाणी पायजे तर पाझर तलावातला गाळ काढा," ती म्हणाली. "मी घमेलं घेऊन येते. पर मी आता पडणार न्हाई."

ती चार माणसं गेली. त्यातली दोन गाळ काढायला आली.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी गरगरून पडलं, तर पाया पडू नका. हात द्या, बसवा, आणि का पडलं ते विचारा. उत्तर माहीत नसेल तर माहीत असलेल्या माणसाकडं जा. माझ्यासारखे बारा दिवस लावू नका.